रविवारची प्रार्थना गावाबाहेर न्यायची आहे, पण रोडग्यांची (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची) पार्टी होऊ द्यायची नाही. कसं जमवावं?

पेटीवाला (मोर्शी तालुका)

जय गुरुदेव मंडळी. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमचं गाव दोनशे-अडीचशे उंबऱ्यांचं. श्रीगुरुदेव सेवा मंडळ आजोबांच्या वेळेपासून आहे. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी सालबर्डीच्या डोंगरात महायज्ञ केला, तेव्हा आजोबा बंडी जुंपून गेले होते. येताना बंडीत दुसऱ्यांचीच म्हातारी माणसं भरली अन् आजोबा बैलांच्या मागं पायी आले, ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली की मला स्वतः चालून आल्यासारखं वाटते.

आता आजची गोष्ट. रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, म्हणजे आम्ही सात जण बसतो. पाच साठीच्या वरचे, सहावा मी पेटीवर, सातवा माझा पोट्टा. तो येतो कारण प्रार्थना मंदिरात चार्जरचं बटन आहे अन् घरी लाईन गेलेली असते. (दुकान माझं पाईप-ठिबकचं. गिऱ्हाईक दिवसभर भेटतात, पण प्रार्थनेचा विषय काढला की त्यांना एकदम वावरात पाणी सोडलेलं आठवते.)

माझ्या डोक्यात असं आलं की महाराज स्वतः रामटेक, रामदेगी, सालबर्डीच्या रानात राहिलेला माणूस. आपण मात्र त्यांची प्रार्थना टिनाच्या शेडमध्ये पंखा लावून म्हणतो. महिन्यातून दोन रविवार मोकळ्यावर का जाऊ नये? नदीकाठी अधिष्ठान (प्रार्थनेचं आसन) मांडायचं, प्रार्थना म्हणायची, दोन भजनं, खंजिरी, अन् सोबत जेवण.

मागच्या साली एकदा करून पाहिलं. काय झालं ते सांगतो, म्हणजे "करून पहा ना भाऊ" असा सल्ला कोणी देणार नाही.

नदीवर गेलो. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, त्रेसष्ट माणसं. मंडळात सात अन् रोडग्याले त्रेसष्ट! सकाळी नऊला पोचलो. बाया लगेच कणीक मळायला बसल्या, वांगे चिरायला बसल्या, त्या तीन वाजेपर्यंत उठल्याच नाही. पोट्ट्यांनी साऊंडबॉक्स आणला होता. भजनं लावतो म्हणाले, पहिलं भजन लावलं बी, दुसऱ्या गाण्यापासून भजनाचा अन् त्याचा संबंध संपला. दोन काका झुडपामागं "लघवीले" गेले ते तासाभरानं फार प्रेमळ होऊन आले. चार पोट्टे डोहात उतरले. त्यांना बाहेर बोलावता बोलावता माझा घसा बसला अन् प्रार्थनेच्या वेळी आवाजच निघेना. प्रार्थना साडेचारला सुरू केली तेव्हा अर्धे झाडाखाली झोपले होते, बाकीचे भांडे घासत होते. आठ मिनिटांत उरकली. अध्यक्ष (माझे चुलतकाका) घरी येऊन एकच बोलले, "बापू, प्रार्थना जागेवरच बरी."

तरी माझ्या मनातून जात नाही. अध्यक्षांना कसंबसं तयार केलं आहे, एक संधी देतो म्हणाले. आता आवळी भोजनाचे दिवस आहेत, निमित्तही आहे. तर सांगा, जागा कोणती धरू? कोंडेश्वर, सालबर्डी, कौंडण्यपूर अशी नावं निघाली आहेत. जंगलात जेवण करायला परवानगी लागते का? अन् मुख्य म्हणजे रोडगे ठेवावे की नाही? रोडगे काढले तर कोणी येत नाही, ठेवले तर प्रार्थना राहत नाही.

वनरक्षक_निवृत्त (परतवाडा)

पेटीवाले भाऊ, नोकरी जंगलात गेली म्हणून रोखठोक लिहितो.

आधी परवानगीचं. राखीव वनात विस्तव पेटवणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा त्याच्यावर, आणि तिथं तर आत पाऊल टाकायलाच परवानगी हवी. "आम्ही देवाधर्माचे लोक आहो, फक्त गोवऱ्याच जाळतो" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. गोवरी घरून आणली म्हणून तिची ठिणगी ओळखीची होत नाही. त्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आमच्या खात्याचा आगीचा हंगाम. पाचोळा वाळलेला असतो, वारा असतो, आणि रोडगे भाजून झाल्यावर आर (निखारा) राखेखाली दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. लोक वर तांब्याभर पाणी ओततात, चर्र आवाज येतो, समाधान होतं, निघून जातात. तो आर काडीनं फाकवून, पाणी ओतून, पुन्हा फाकवून हातानं गार लागेपर्यंत विझवावा लागतो.

आता तुम्ही विचारलं नाही ते. नदी-नाल्याच्या काठचा उंबर, पिंपळ, अर्जुन असा मोठा डेरेदार झाड दिसला की सगळे म्हणतात, सावली चांगली आहे, इथंच बसू. बसण्याआधी मान वर करा. आग्या मोहोळ उंच फांदीच्या खालच्या अंगाला काळ्या सुपासारखं लटकलेलं असतं आणि पानांमुळं चटकन दिसत नाही. खाली गोवऱ्यांचा धूर केला की संपलं. एका गावचं भजनी मंडळ होतं, नाव घेत नाही. उंबराखाली चूल मांडली. मी तिथून दोन फर्लांगावर होतो, आधी मला भजन ऐकू येत होतं, मग एकदम ओरडा. पोचलो तेव्हा माणसं नाल्यात पळत होती. पाण्यात बुडी मारू नका, माशा वर घिरट्या घालत थांबतात आणि डोकं वर काढलं की पुन्हा तोंडाला. हात झटकत उभं राहायचं नाही, तोंड-डोकं झाकून सरळ लांब पळायचं, घोंगडी असेल तर अंगावर ओढून घ्यायची. त्या दिवशी एका आजीला मी माझ्याच घोंगडीत गुंडाळून जीपमध्ये टाकलं. डॉक्टरनं तिच्या एकट्या डोक्यातून पन्नासच्या वर काटे काढले. वाचली. पण मंडळ बंद पडलं. अत्तर लावून, सेंट मारून जाऊ नका, हेही त्यात आलं.

सालबर्डीला डोंगराच्या पलीकडं मध्य प्रदेश लागतो. महाशिवरात्रीला गर्दी असते तेव्हा सोय असते, बाकीच्या दिवशी तुमची तुम्ही करा. कौंडण्यपूरला कार्तिकात यात्रेची गर्दी, तुमचा आवाज तिथं ऐकू यायचा नाही.

माझं मत विचाराल तर जंगलात जाऊच नका. तुमचा मोर्शी-वरूडचा पट्टा म्हणजे संत्र्याची बाग. कोणाच्या तरी वावरात विहिरीजवळ जागा असेलच. धुऱ्यावर (बांधावर) लिंबाचं झाड असलं तर आणखी काय पाहिजे? स्वतःच्या वावरात चूल पेटवायला तुम्हाला कोणी विचारणार नाही.

आणि ट्रॉलीत माणसं भरून नेऊ नका. ती मालाची गाडी आहे. उलटली तर कायदा नंतर, आधी मढी मोजावी लागतात.

सरकीवाली (आर्वीकडची)

भाऊ तुमचं वाचून हसू आलं अन् रागही आला. मी लिहिते तसं लिहिते, सांभाळून घ्या.

तुम्ही रविवार धरता. रविवार कोनाचा? मास्तरचा, तलाठ्याचा, बँकेतल्या सायबाचा. आमच्यासारख्या वेचणीले जानाऱ्या बायायले रविवार बी सोमवारासारखाच. आता कापूस फुटून रायला, वेचाईचे पैसे किलोवर भेटते. एक दिवस घरी रायलं म्हनजे तेवढे किलो गेले. अन् तुम्ही म्हनता, आल्या त्या नवाला बसल्या अन् तीनला उठल्या. म्हनजे मजुरी बुडवून फुकटचा सैपाक करायला आल्या होत्या त्या! मंग प्रार्थनेच्या वेळी भांडे घासतील नाही तर काय करतील?

आमच्याकडे सुट्टी असते बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी हप्ता (आठवड्याची मजुरी) होते, मजूर वावरात जात नाही, गेले तर सकाळचे. दुपारी बाजार. तुमचा बाजार कोनता तो दिवस धरा, अन् सकाळीच आटपा.

दुसरं, बायायले नदीवर नेता तर आडोसा पाहिला काय? तुमचे काका झुडपामागं तासभर जाऊ शकते. आम्ही सकाळपासून पानी पेत नाही अशा ठिकानी जायचं म्हटलं की. म्हून बऱ्याच बाया येतच नाही, तोंडानं मात्र सांगते, "गुडघे दुखते". वावरात विहिरीजवळ टिनाची मोरी असते, ती चालते.

तिसरं, कोनीतरी म्हनेलच की डबे आनायले सांगा. सांगू नका. डबा उघडला की कोनाच्या घरी काय शिजलं ते सगळ्यायले दिसते. माझी सासू एकदा सप्त्याच्या काल्याले डबा घेऊन गेली अन् न उघडताच परत आली, कारन बाजूच्या बाईच्या डब्यात पुरी होती. हे मले तिनं मरायच्या आदल्या साली सांगितलं.

रोडगे माणसायनं करा. एवढंच. आमाले कोनी तरी एक दिवस वाढून द्या, मंग पाहा प्रार्थनेले किती बाया बसते ते.

गाववाला_३३

प्रश्न: पार्टी झाली तर झाली, वाईट काय आहे त्यात? त्रेसष्ट लोक एका जागी जेवले ना. आमच्या गावात तर ग्रामसभेला बी नऊ येतात.

पेटीवाला (मोर्शी तालुका)

@गाववाला_३३ वाईट काही नाही हो. पण मग त्याला प्रार्थना म्हणून वर्गणी का मागावी?

सरकीवाली ताई, तुमचं वाचून मी पोस्ट बंद करून दुकानाबाहेर येऊन बसलो. माझ्या घरची गेल्या साली त्या तीन वाजेपर्यंतच्या बायांत होती. तिला विचारलं, तुला त्या दिवशी काय वाटलं होतं? म्हणाली, "मले काही वाटलं नाही, मले फक्त वांगे आठवते." वीस किलो होते.

वेळुवन (भद्रावती)

जय भीम, जय गुरुदेव. आम्ही विहारातले लोक, पण दुखणं सारखंच आहे म्हणून लिहितो.

आमच्या गावच्या विहारात रविवारी सकाळी वंदना होते. तिथंही तेच, म्हातारी माणसं आणि बाया. मग आम्ही पौर्णिमेला विजासन लेणीवर जायला लागलो. भद्रावतीच्या टेकडीत कोरलेली आहे, आत लांब दालनं आणि शेवटी बुद्धमूर्ती. सहलीसारखं वाटू नये म्हणून आम्ही एकच नियम केला: पायथ्यापासून वर जाईपर्यंत कोणी बोलायचं नाही. एका ओळीत, सावकाश, पावलाकडं लक्ष देत चालायचं. पहिल्या वेळी पोट्टे फिदीफिदी हसत होते. दुसऱ्या वेळी कमी हसले. तिसऱ्या वेळी एका आजीचा पाय घसरला आणि न बोलताच तीन पोट्ट्यांनी तिला धरलं, त्यानंतर हसणं बंद झालं.

पोट्ट्यांचं म्हणाल तर त्यांना "या" म्हणून येत नाहीत, काम दिलं की येतात. आमच्याकडं ज्यांच्याकडं मोटारसायकल आहे त्यांना एकेक म्हातारी वाटून दिली आहे. ज्याची आजी त्याची जबाबदारी. आता तो येत नसेल तर आजीच फोन करते.

जेवणात आम्ही खीर ठेवतो, तीही वंदना झाल्यावर, विहारात शिजवून आणलेली. वर चूल नाही.

वेळेबद्दल एक: आमच्या जिल्ह्यात वाघ आहे, त्यामुळं अंधार पडायच्या आत खाली आणि सकाळीही उजाडल्याशिवाय निघायचं नाही. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या माणसांचं काय होतं ते आम्ही दर उन्हाळ्यात ऐकतो. तुमच्याकडं वाघ नसेल, पण संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर अंधारात संत्र्याच्या बागेतून परत यायचं म्हणजे रानडुक्कर आहेच.

वनरक्षक_निवृत्त (परतवाडा)

वेळुवन यांचा नियम चांगला आहे. डुकरांचंही खरं. रोही (नीलगाय) त्याहून वाईट, रात्री मोटारसायकलसमोर आला की तो वाचतो, आपण नाही.

पेटीवाला (मोर्शी तालुका)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. झालं. एकदा झालं म्हणजे रीत पडली असं मी म्हणत नाही, पण झालं.

आमच्या बाजूच्या गावचा बाजार मंगळवारी. मंगळवार धरला. शाळा साडेदहाची, म्हणून सकाळी सहा ते दहा एवढाच वेळ ठेवला. जागा अध्यक्षांच्या भावाची बाग, गावापासून वीस मिनिटं पायी. त्यांना तयार करायला मला दुकानातून दोन ठिबकच्या लॅटरलचे बंडल उधारीवर द्यावे लागले. अन् अट अशी की झाडाला कोणी हात लावायचा नाही, आंबिया बहाराचा माल अजून तोडायचा आहे. मान वर करून सगळे झाडं पाहिले, वनरक्षक साहेब. धुऱ्यावरच्या लिंबावर काही नव्हतं. विहिरीजवळच्या चिंचेवर एक लहान मोहोळ दिसलं, म्हणून चूल दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेली.

रोडगे आम्ही माणसांनी केले. पहाटे चारला गेलो, पाच जण. गावात शब्द गेला की "पेटीवाला कणीक मळते" अन् दोन म्हातारे तर केवळ हे पाहायलाच आले. कणीक घरच्यांनी सांगितली तशी जाडसर दळून आणली होती. थर लावून, तेलाचं बोट फिरवून गोळे केले. इथवर ठीक. पण गोवऱ्यांचा आर नीट बसायच्या आधीच घाईनं टाकले, त्यामुळं वरून काळे कोळसे अन् आत कच्ची कणीक. सत्तर रोडग्यांतले तीस असे निघाले. वांग्याची भाजी मात्र माझ्या साळ्यानं केली, त्याला लग्नाच्या सैपाकाचा हात आहे, ती उत्तम.

सहा वाजता गावातून बाया, म्हातारे, लेकरं निघाले. वेळुवन भाऊ, तुमचा न बोलण्याचा नियम सांगितला होता. शंभर पावलं पाळला. मग कोणाच्या तरी गोठ्यातलं वासरू मागं लागलं अन् सगळे हसायला लागले. पुढच्या वेळी पुन्हा.

अधिष्ठान लिंबाखाली मांडलं. पूर्वेकडं तांबडं फुटत होतं, बागेवर दव होतं, बसायच्या सतरंज्या ओल्या झाल्या. ध्यान, मग प्रार्थना, मग दोन भजनं. चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं बसलो! एकतीस माणसं होती, त्यातल्या एकोणीस बाया. भांडे घासायला कोणी उठलं नाही, कारण भांडे अजून खरकटे व्हायचेच होते. जेवण प्रार्थनेनंतरच, हे आधीच ठरलं होतं. वाढायला आम्ही. माझ्या घरचीला मी पहिला रोडगा फोडून दिला तर तिनं आतली कच्ची कणीक बोटानं दाबून पाहिली, मैत्रिणीकडं पाहिलं, अन् दोघी इतक्या हसल्या की ठसका लागला. तरी खाल्ला, कडेकडेचा. पळसाच्या पत्रावळी होत्या, त्या खड्ड्यात पुरल्या.

पोट्ट्यांना म्हाताऱ्या वाटून दिल्या. माझ्या पोट्ट्याच्या वाट्याला आली ती आमच्या गावातली सगळ्यात बोलकी आजी. येताना तिनं त्याला अर्ध्या वाटेत चिंचेखाली बसवून आमच्या आजोबांची सालबर्डीची गोष्ट सांगितली, अन् तिच्या सांगण्यात आजोबा पायी आले ते बंडीत जागा नव्हती म्हणून नव्हे, तर एक बैल लंगडा झाला म्हणून. आता घरी यावरून वाद चालू आहे.

निघताना अध्यक्षांनी खराटा मागवला. गाडगेबाबांचा वऱ्हाड आहे, म्हणाले, असं टाकून जाता येत नाही. चुलीची जागा पाणी ओतून, फाकवून, पुन्हा ओतून गार केली. हात लावून पाहिला, वनरक्षक साहेब. झाडाला कोणी हात लावला नाही असं मी म्हणणार होतो, पण परत आल्यावर धाकट्या भाच्याच्या खिशात तीन संत्रे निघाले. ते मालकाला नेऊन दिले. त्यानं आणखी सहा घालून परत पाठवले.

सगळं चांगलं नाही. रविवारी येणारे दोन नोकरदार मंगळवारी आले नाहीत अन् नाराज आहेत. दोन काका आलेच नाहीत, ते मात्र बरं झालं. अन् पुढच्या वेळी कोणाच्या वावरात जायचं यावर दोन घरांत आधीच कुरबूर आहे. एक म्हणते आमच्याकडं, दुसरं म्हणते त्यांच्याकडं गेले तर आम्ही येणार नाही. जुनं धुऱ्याचं भांडण आहे, तीस साल झाले. त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

आता एक वेगळीच मदत हवी. ओल्या गवतावर पेटी ठेवली होती, तिच्या भात्यात लाल मुंग्या शिरल्या आहेत. काळी चारच्या सुरावर बोट ठेवलं की सूर येण्याआधी मुंग्या येतात. उन्हात ठेवली, हळद टाकली, काही उपयोग नाही. फवारा मारायची हिंमत होत नाही, आतल्या रीडा खराब होतील. कोणी पेटी दुरुस्त करणारं असेल तर सांगा, पुढचा मंगळवार जवळ आला.

सरकीवाली (आर्वीकडची)

भात्याच्या खाली साखरेचा दाना ठेवा रातभर, बाहेरच्या अंगाले. मुंग्या आपोआप उतरते. अन् रोडग्यायले आर पांढरा होऊ द्या हो, पांढरा!